सतराव्या सेलची हजेरी

९ एप्रिल ९६, मंगळ.

पुण्याचा इंजिनीअर दुपारच्या गाडीनं गेला. तीन दिवस टेकडीवर होता. ऊन बघून घाबरला, नुसता ताक पीत बसला. पण पेटी बसवून गेला. टिफिनएवढा पत्र्याचा डबा, पुढे लाल आकडे. आत एक चिप आहे, तिला तो मेंदू म्हणतो.

बॅटरी रूममध्ये आपले चोवीस सेल. लाइट गेली की टेलिफोनचा टॉवर त्यांच्यावर चालतो. आता प्रत्येक सेलच्या डोक्यावर एक हिरवं कार्ड. पेटी विचारते, एक नंबर? कार्ड सांगतं, माझे इतके व्होल्ट. मग दोन नंबर? चोवीसपर्यंत. चार-पाच सेकंदांत सगळं.

हेच काम माझ्याबरोबरचा म्हातारा नाना वीस वर्षं मीटर आणि काचेची नळी घेऊन करतो. सकाळचे दोन तास. बघून म्हणे, "हाई ते शाळानी हजेरी झायी, साहेब."

इंजिनीअर हसला. मी नाही हसलो. हजेरीनंच माझी शाळा सुटली, आठवीत.

१० एप्रिल

इंजिनीअरला जाताना विचारलं होतं, पेटीतून प्रत्येक कार्डाला सरळ वायर का नाही? एकाकडून दुसऱ्याकडे का फिरवली? तो म्हणाला, सेल एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत असं समज. पहिल्याचे पाय जमिनीवर. चोविसाव्याचे पाय तेविसाव्याच्या डोक्यावर. खालून थेट वर हात दिला तर कार्ड जळतं. म्हणून निरोप शेजाऱ्याला, शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याला.

मला लगेच समजलं. नाशकात स्लॅबवर होतो तेव्हा घमेल्यांची रांग अशीच लागायची. खालचा माणूस वरच्याला कधी बघत नाही. घमेलं पोचतं.

आणि निरोपाच्या शेवटी एक बेरीज जाते म्हणे. बेरीज जुळली तरच पेटी आकडा दाखवते. नाहीतर कानावर घेत नाही.

सतरा नंबर मेलेला आहे. दोन वर्षं झाली. ॲसिड काढून टाकलं, सोळा ते अठरा तांब्याची पट्टी मारली, डबा तसाच रांगेत उभा. पुण्याहून चोवीस कार्डं आली म्हणून त्याच्याही डोक्यावर एक लावलं. कार्ड जेवतं आपल्याच सेलमधून. हा सेल उपाशी, म्हणून कार्ड मुकं. निरोप अडू नये म्हणून तिथे वायरचा एक तुकडा जादा जोडलाय. पेटी मात्र सतराला रोज विचारते. थांबते, दोन आडव्या रेघा दाखवते, अठराला जाते.

११ एप्रिल, गुरु.

आपले धुळ्याचे साहेब आले. तीन आठवडे तपासणी. स. ८ आणि दु. २ ला आकडे वहीत उतरायचे, सही करायची, दर सोमवारी फोनवर वाचून दाखवायचे. तोपर्यंत सेलला कोणी हात लावायचा नाही. पाणी नाही, ॲसिड नाही, पाना नाही. ॲसिडच्या कॅनला स्वतः लाख लावली, वर अंगठा दाबला. "हात लागला तर तपासणी बाद. आणि ज्याचा हात, त्याचं नाव वर जाईल."

किल्ल्या दोनच. एक नानाकडे, एक माझ्याकडे.

नाना सप्टेंबरात रिटायर होतोय. साहेब गेल्यावर म्हणाला, फाइलला एक कागद लागला की पेन्शन वर्ष वर्ष अडते. त्याच्या ओळखीच्या एका लाइनमनचं अडलंय. तो आता सोनगीरच्या स्टँडवर चपला शिवतो.

माझं काय, मी रोजंदारीवर. एदलाबादहून निघालो तेव्हापासून ही सहावी जागा. सुरत, नाशिक, परत सुरत, भिवंडी, जळगावचं केळीचं गोदाम. खाली आग्रा रोडवर ट्रक दिसतात, बघत बसतो. नानाला कळतं. "कथा जाशी? जथा जाशी तथा आठ दिन." कुठेही गेलो तरी आठच दिवस टिकेन, म्हणे.

१४ एप्रिल, रवि.

वारा. पत्रे दिवसभर वाजले. हवेत धूळ, सोनगीरचा किल्ला दिसतच नाही.

आज नाना भास्करबद्दल बोलला. माझ्या आधी इथे भास्कर होता. नानाच्या बहिणीचा मुलगा. बहीण लवकर गेली, नानानंच वाढवला, नानानंच इथे चिकटवला. दोन वर्षांपूर्वी टॉवरवरचा लाल दिवा बदलायला चढला, असाच वारा होता. खाली आला तो पडूनच. टॉवरच्या पायाशी सिमेंट एका जागी नवं आहे, तिथे मी पाय देत नाही, हे मी आधीपासून करतो. कारण माहीत नसताना.

सतरा नंबर त्याच महिन्यात बसला. नाना म्हणाला, तो सेल भास्करनंच पहिल्यांदा भरला होता. 

१८ एप्रिल

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नानाला घरी जायचं होतं. भास्करच्या नावाची घागर भरायला, त्या दिवशी गेलेल्या माणसाला पाणी पोचतं. घागर भरायला आता नानाशिवाय कोणी नाही. भास्करची बायको होती, ती माहेरी गेली, दुसरं लग्न झालं. पहिल्या वर्षी नाना आजारी, गेल्या वर्षी रजा नाही, भरली नाही. यंदा तरी म्हणून अर्ज दिला. साहेब फोनवर म्हणाले, तपासणी चालू आहे, दोघांपैकी कोणी हलायचं नाही.

नाना फोन ठेवून म्हणाला, "पोरगं तिसऱ्या वर्षीबी तान्ह्या राहणार." तान्ह्या म्हणजे तहानलेला.

२० एप्रिल, शनि. अखाजी

खाली गावात झोके बांधलेत. बायांची गाणी वाऱ्यावर येतात, तुटक तुटक. नानीनं एसटीच्या कंडक्टरबरोबर डबा पाठवला, सांजोऱ्या आणि आमरस. नानानं पहिला घास बाजूला काढून बाहेर कठड्यावर ठेवला. कावळा आला नाही. एवढ्या उन्हात कोणता कावळा येतो. नाना तासभर उभा होता. मी म्हटलं, नाना, चक्कर येईल. तो म्हणाला, तू जेव.

स. ८ – २३ ठीक, सतरा रेघा.
दु. २ – तेच. नंतर दार मीच लावलं. सतराचा डबा कोरडा होता, हे मी बघितलं. हे इथे लिहून ठेवतो.

२१ एप्रिल, रवि.

स. ८.

चौदा – २.१५. पंधरा – २.१४. सोळा – २.१५. सतरा – १.८७. अठरा –

वहीत सोळापर्यंत आकडे उतरल्यावर माझा हात थांबला. परत बटण दाबलं. १.८७. तिसऱ्यांदा. १.८७.

बाकीचे झटकन बोलतात. सतरा जरा थांबतं. कोणी झोपेतून मान वर करावी तेवढंच. मग सांगतं.

वहीत सतरापुढे रेघा मारल्या. का ते माहीत नाही.

२१ दु.

१.९१.

आत जाऊन बघितलं. हात लावला नाही. प्रत्येक सेलच्या तोंडावर एक तरंगती काडी असते. आतलं पाणी वर असलं की काडी वर, कमी झालं की खाली. सतराची काडी दोन वर्षं तळाशी बसलेली. ती वर आहे. लाल खुणेच्या वर, हिरव्याला लागून. बाकीच्या तेवीस जणांच्या बरोबरीनं.

नानाची किल्ली नानाच्या कमरेला. माझी माझ्या गळ्यात, अंघोळीलाही काढत नाही.

म्हणजे नाना. दुसरं कोण. घागर भरता आली नाही म्हणून इथे भरली. काय बोलणार त्याला.

२२ एप्रिल, सोम.

फोनवर वाचून दाखवलं. सतरा, रेघा. साहेब "बरं" म्हणाले. 

नाना दाराशी उभा राहून ऐकत होता. मी फोन ठेवला तर जवळ आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. ह्या माणसानं सात महिन्यांत मला कधी हात लावला नव्हता. म्हणाला, "भास्करनी घागर तू भरी ना? नको बोलू. बोलं ते पुण्य जास."

मी बोललो नाही. तो समजला मी पुण्यासाठी बोललो नाही.

मी नाही भरली.

२३ एप्रिल

दिवसभर नानाकडे बघतोय. खोटं बोलत असेल तर इतका खूश कशाला? सकाळी दाढी केली. चहा त्यानं केला, मला आयता दिला. "सुपडू, बस रे खाले, किती फिरशी." सतराच्या समोर उभा राहतो, हात मागे बांधून. त्यानं टाकलं असतं तर माझ्या डोक्यावर हात ठेवला असता का?

आणि मी टाकलं नाही.

१.९६.

२४ एप्रिल

पुण्याला फोन लावला, इंजिनीअरला. सतराचं नाव घेतलं नाही, सहज विचारल्यासारखं. मेलेल्या सेलचं कार्ड बोलेल का? तो म्हणाला, सेलला दीड-पावणेदोन व्होल्ट मिळाले तर बोलेल, कार्डाची टोकं तिथे जोडलेलीच आहेत. वाऱ्यानं, टॉवरच्या लहरींनी पेटी फसेल का? नाही म्हणाला. "शेवटची बेरीज जुळली तरच आकडा दाखवते. आकडा दिसला म्हणजे कोणीतरी नीट उत्तर दिलंय."

एखादं कार्ड उशीर का करेल? "कोणी उशीर करत नाही. सगळी कार्डं एकाच वेळात बोलतात."

मग तोच म्हणाला, काळजी करू नका, पेटी सगळं लक्षात ठेवते. एकोणतीसला मी साहेबांबरोबर येतोय, रोजचे आकडे काढून घेईन, तुमच्या वहीशी जुळवू.

माझ्या वहीत रेघा आहेत. पेटीत आकडे.

२५ एप्रिल

२.०२. हे वाढतंय कशावर? चार्जरचा करंट पट्टीवरून सोळाहून थेट अठराला जातो. सतराला कोणी खाऊ घालत नाही.

आमच्या शाळेत गैरहजर मुलाची हजेरी दुसराच द्यायचा, आवाज बदलून. मास्तर मान वर करत नसे. आज पेटीपुढे बसून तेच आठवत होतं. कार्डाला नंबर असतो. चेहरा नसतो.

२६ एप्रिल, शुक्र.

दोन वाजता ऊन असं पडतं की सावलीच राहत नाही. टॉवरची सुद्धा. बॅटरी रूममध्ये मात्र गार. ॲसिडचा वास आणि पंख्याची घरघर. मी वही घेऊन उभा. पेटी विचारत गेली. सोळा. मग ती थांबली. मी श्वास धरून उभा राहतो, हे आज माझ्या लक्षात आलं. रोज धरतो.

२.०८.

इंदूरचा एक ट्रकवाला खाली हॉटेलवर भेटला. क्लीनर पाहिजे म्हणाला, आत्ता बस. आत्ता बसलो असतो. किल्ली गळ्यात होती.

२७ एप्रिल

ठरवलं. पेटी खोटं बोलणार नाही, म्हणून वहीनं खोटं बोलून उपयोग नाही. एकोणतीसला साहेब येतील, सतराचे आकडे निघतील, डब्यात पाणी दिसेल. किल्ल्या दोन. माणसं दोन. एकाचं नाव वर जाणार. नानाला सप्टेंबरपर्यंत पाच महिने. मला काय, आठ दिवस काय आणि आठ महिने काय.

कागद लिहिला. "मी सुपडू, अखाजीच्या दिवशी सतरा नंबरमध्ये पाणी टाकले. नानांना माहिती नव्हती. सही." तीनदा लिहावा लागला. अक्षर चांगलं नाही माझं.

नानाला सांगितलं नाही. सांगितलं तर तो म्हणेल मीच टाकलं. किंवा म्हणेल, तू टाकलंस ते मला ठाऊकच आहे. दोन्ही ऐकायचं नाही मला.

२८ एप्रिल, रवि.

२.१५. बाकीच्यांइतकं. आता आकड्यावरून त्याला ओळखता येणार नाही.

२९ एप्रिल, सोम.

नीट लिहितो, काही सुटू नये.

नाना कठड्यावरून ओरडला, "सुपडू, साहेबनी जीप उनी रे!" साहेब आणि पुण्याचा इंजिनीअर. इंजिनीअरनं पेटीतून आकडे काढले, वहीशेजारी ठेवले. सतरापाशी बोट थांबलं. वही साहेबांकडे सरकवली.

साहेब म्हणाले, सुपडू, हे काय? मी खिशातून कागद काढून दिला. वाचला त्यांनी.

"कुठलं पाणी?"

"खालच्या विहिरीचं. कळशीभर."

"नानांना माहीत नव्हतं?"

"नाही साहेब."

नाना माझ्याकडे बघून हसला, अगदी हलकं. बापाला मुलाची लाज वाटते आणि कौतुकही वाटतं, तसं.

साहेब बॅटरी रूममध्ये गेले, आम्ही मागे. त्यांनी सतराचं झाकण काढलं, हायड्रोमीटरची नळी बुडवली, ओढून घेतलं, उजेडात धरलं. बराच वेळ धरलं. मग सोळामधून घेतलं. मग अठरामधून. परत सतरा.

"सुपडू, इकडे ये. काय दिसतं?"

गोळा बाराशेवर तरंगत होता.

"पाण्यात गोळा हजारावर बुडतो. हे पाणी नाही. ॲसिड आहे, बरोबर मापात बनवलेलं. बाकीच्या तेवीसमध्ये आहे तसंच."

ते कोपऱ्यात गेले. कॅनची लाख तशीच, त्यांचाच अंगठा वर उमटलेला. बाकीच्या सेलच्या काड्या बघितल्या, एकीत थेंब कमी नाही. इंजिनीअर म्हणाला, सर, दोन वर्षं सुकलेल्या प्लेटा ॲसिड टाकलं तरी इतक्या उठत नाहीत. साहेब म्हणाले, तुम्ही थांबा जरा.

मग मला म्हणाले, "तू टाकलेलं नाहीस. तुला आत काय आहे तेही ठाऊक नाही. कोणासाठी बोलतोयस?" आणि नानाकडे बघितलं.

नानाकडची वाट मीच दाखवली त्यांना. गप्प बसलो असतो तर पेटीवर ढकललं असतं त्यांनी.

पण नाना साहेबांकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता. "तू नही?"

मी मान हलवली. नाही.

"मीबी नही," नाना म्हणाला. मला म्हणाला, साहेबांना नाही. मग सेलच्या स्टँडला धरून हळू खाली बसला. भीतीनं नव्हे. खूप चालून आलेला माणूस बसतो तसा. आणि अगदी हळू, "मंग तो उना व्हता."

"काय म्हणतायत ते?" साहेबांनी विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही साहेब. ऊन लागलंय."

सतरा नंबर उचलून जीपमध्ये ठेवला, खाली गवत घालून. माझा कागद साहेबांनी नेला. नानाची सही घेतली, हजर होते एवढीच. जाताना म्हणाले, दोघांचंही नाव वर जाईल, मला इलाज नाही. मग गाडीत बसता बसता, "पण लिहू काय, तेच समजत नाहीये."

३० एप्रिल

स. ८. सतरा – रेघा. आता तिथे डबाही नाही. नुसती पट्टी आणि लाकडावर चौकोनी डाग.

नाना दाराशी. "सतरा काय म्हनस?"

"काही नाही."

"हं."

दु. २ ला परत विचारलं. परत तेच.

म्हटलं, नाना, पेन्शनचं काय? तो म्हणाला, बघू, कागद येईल तेव्हा येईल. नानी फोनवर रडली, तिला म्हणाला, रडू नको, पोरगं पाणी पिऊन गेलं. मला हे ऐकून अंगावर काटा आला. भर उन्हात.

१ मे

धुळ्याचा फोन नाही. पत्र नाही. लाइन बदलायची तार आली तिच्यात आमचं काही नव्हतं.

नाना माझ्यावर रागावला असेल वाटत होतं, खोटं बोललो म्हणून. तो म्हणाला, "तू मन्हासाठे नाव दी व्हतं ना? तुले काय कळस रे, गधडा." आणि माझ्या ताटात स्वतःची अर्धी भाकर टाकली.

ट्रकवाला परत दिसला, हात केला. मी पुढच्या खेपेला म्हटलं.

२ मे, गुरु.

साहेबांचा फोन. पत्र वर गेलंय, उत्तराला पंधरा दिवस लागतील का महिना, सांगता येत नाही. नानाला काय सांगू विचारलं तर म्हणाले, काही सांगू नकोस. मग विचारलं, सतराचं काय झालं साहेब, धुळ्याला?  म्हणाले, तपासतोय. फोन ठेवला.

एक नवीन गोष्ट. कालपासून नाना बॅटरी रूमचं कुलूप काढायच्या आधी दारावर वाजवतो. दोनदा. वीस वर्षं सरळ आत जाणारा माणूस. बाहेरून कुलूप, आत कोणी नाही, आणि हा वाजवून थांबतो, मग किल्ली लावतो. मी विचारलं नाही.

दु. २ ची हजेरी माझी होती. नाना खाली गावात पोस्टात गेलेला. वही घेऊन दारापाशी आलो, गळ्यातली किल्ली काढली. वाऱ्याचं नाव नाही, पत्रेसुद्धा गप्प.

दोनदा वाजवलं. आणि थांबलो.